वाचकांचे प्रश्न : वसंतातील रानटर्कीची शिकार

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण भागात मार्चच्या सुरुवातीला रानटर्कीचा वसंत हंगाम उघडतो आणि उत्तरेकडील राज्यांत तो मे महिन्यात बराच काळ चालू राहतो. अलास्का वगळता बाकीच्या ४९ राज्यांत हा हंगाम असतो. त्यासंबंधी तिथल्या मराठी वाचकांची जी पत्रे आली, त्यांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. मी स्वतः अनेक वर्षे मिसुरीच्या रानांत या पक्ष्यामागे हिंडलो आहे, त्यामुळे काही उत्तरांत माझा अनुभवही उतरला आहे.

प्रश्न : जगभर विणीच्या काळात शिकार बंद ठेवण्याची रीत आहे. रानटर्कीची शिकार मात्र नेमकी विणीच्या हंगामातच करू देतात, हे कळल्यावर मला धक्का बसला. यामुळे पुढची पिढीच मारली जात नाही का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर या पक्ष्याच्या संसाराच्या पद्धतीत आहे. रानटर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जोडी करतो आणि जोडी झाल्यावर त्याचे काम संपते; घरटे, अंडी आणि पिल्ले यांपैकी कशाचाही भार तो उचलत नाही. मादी जमिनीवर, एखाद्या पडलेल्या झाडाच्या आडोशाला किंवा झुडपाच्या बुडाशी, पाचोळ्यात साधासा खळगा करते, त्यात दिवसाला साधारण एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि मग सुमारे २८ दिवस खुडूक बसते. महत्त्वाची गोष्ट अशी की, एकदा संबंध आल्यानंतर नराचे बीज मादीच्या शरीरात कित्येक आठवडे जिवंत राहते आणि त्या एका संबंधावर तिची सगळी अंडी फळू शकतात. म्हणून बहुतेक माद्यांशी जोडी झाल्यावर एखादा नर मारला गेला, तरी त्या वर्षीच्या पिल्लांच्या संख्येत त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

वसंतातल्या नियमांचा सगळा डोलारा या एका वस्तुस्थितीवर उभा आहे. केवळ नर मारण्याची परवानगी, ठरावीक तारखा, काही राज्यांत दुपारी संपणारी शिकारीची वेळ, हे सारे त्यातूनच आले आहे. अनेक राज्यांच्या नियमात 'नर' असे न म्हणता 'दाढी दिसणारा पक्षी' असे म्हटलेले असते, कारण नराच्या छातीवर राठ केसांसारख्या पिसांचा एक झुपका लोंबतो आणि तो दुरून ओळखता येतो. थोड्या माद्यांनाही अशी दाढी असते. अशी मादी कायद्याने मारता येत असली, तरी माझे स्पष्ट मत असे आहे की ती सोडून द्यावी. तिचे घरटे कदाचित शंभर पावलांवर असेल.

मात्र 'फारसा फरक पडत नाही' हे वाक्य हंगाम केव्हा उघडतो यावर अवलंबून आहे. माद्यांशी जोडी होण्याआधीच प्रबळ नर टिपले गेले, तर विणीची घडी विस्कटते, अशी शंका अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत गांभीर्याने मांडली आहे आणि आग्नेयेकडील बऱ्याच राज्यांत पक्ष्यांची संख्या घटल्यामुळे तिच्याकडे लक्षही दिले गेले आहे. टेनेसीने २०२३ साली हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि प्रत्येकी तीन पक्ष्यांची मर्यादा दोनवर आणली. अलाबामाने त्याआधीच, २०२२ साली, पाचाची मर्यादा चार केली. घट होण्यामागे रॅकून आणि ऑपॉसम यांसारखे अंडी खाणारे प्राणी, पिल्लांना किडे मिळतील अशा गवताळ मोकळ्या जागांची टंचाई, विणीच्या वेळचा सततचा पाऊस अशी इतरही कारणे आहेत. त्यांतली बरीचशी शिकाऱ्याच्या हाती नाहीत. तारीख आणि मर्यादा हाती आहेत, म्हणून या बदलांबद्दल कुरकुर करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

प्रश्न : हा पक्षी एकेकाळी नाहीसा होत चालला होता असे ऐकले. मग पाळीव टर्की रानात सोडून त्याची संख्या वाढवली का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : तसा प्रयत्न अनेक वर्षे झाला आणि तो जवळजवळ सर्वत्र फसला. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला रात्री झाडावर चढून बसण्याची सवय नसते, ससाण्याची सावली पडताच दडावे हे आईकडून शिकायला मिळालेले नसते, आणि म्हणून सोडलेले पक्षी थोड्याच दिवसांत कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी गेले.

एकोणिसाव्या शतकात जंगले तुटली आणि बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक राज्यांत एकही रानटर्की उरली नव्हती. १९३०च्या दशकात देशभर सुमारे दोन लाख पक्षी राहिले असावेत, असा अंदाज केला जातो. बेकायदा मारलेल्या वन्यजीवांचा राज्याराज्यांतला व्यापार १९००च्या लेसी कायद्याने रोखला होता. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला आणि शिकारीच्या लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाऊ लागला. पैसा आला, पण हा सावध पक्षी जिवंत पकडायचा कसा, हा प्रश्न होता. पाणपक्ष्यांसाठी तयार केलेले, छोट्या तोफांनी उडवून कळपावर टाकायचे जाळे १९५१ साली दक्षिण कॅरोलायनात रानटर्कीवर वापरले गेले आणि मार्ग सापडला. मक्याचे दाणे टिपायला आलेला अख्खा कळप एका फेकीत हाती येऊ लागला आणि अस्सल रानातले पक्षी रिकाम्या रानांत नेऊन सोडता येऊ लागले. राज्यांनी आपापसांत देवघेवही केली. कोणी टर्की दिल्या आणि त्या बदल्यात दुसरे वन्यप्राणी घेतले. मिसुरीत आधुनिक काळातला पहिला वसंत हंगाम १९६० साली उघडला, १९७३ साली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झाले, आणि आज देशात साठ लाखांच्या आसपास रानटर्की आहेत.

प्रश्न : माझे पती एच-१बी व्हिसावर आहेत. त्यांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने त्यांना टर्कीच्या शिकारीला बोलावले आहे आणि आपलीच बंदूक वापरायला देण्याचे कबूल केले आहे. यात काही कायदेशीर अडचण आहे का? (एक वाचक, ओहायो)

उत्तर : आहे, आणि ती आधीच विचारलीत हे फार बरे झाले. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क न देणाऱ्या, व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. बंदूक स्वतःची असो वा उसनी, आणि ती रानात काही मिनिटांसाठीच हाती घेतलेली असो, मनाई तीच. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक असा की, त्या व्यक्तीपाशी अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना असावा. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी परवाना, मग बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे विसरू नये. ग्रीनकार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. आपल्या परिस्थितीत काही वेगळी गुंतागुंत असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे. व्हिसा पणाला लावण्याइतका कोणताही पक्षी मोठा नाही. बंदूक टाळायचीच असेल, तर बऱ्याच राज्यांत वसंत हंगामात धनुष्यबाणही चालतो.

परवाना राज्याच्या वन्यजीव खात्याकडून मिळतो आणि बऱ्याच राज्यांत साध्या शिकार परवान्याखेरीज टर्कीसाठी वेगळे परमिट घ्यावे लागते. नव्या शिकाऱ्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. उदाहरणार्थ, मिसुरीत १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो आवश्यक आहे, मात्र अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकणाऱ्यांसाठी तात्पुरती सवलतही आहे. जमीन खाजगी असेल तर मालकाची परवानगी घ्यावी, आणि ती लेखी असावी.

प्रश्न : गेल्या वसंतात मी सहा सकाळी रानात घालवल्या. दररोज नर झाडावरून आरवायचा, माझ्या हाकेला उत्तरही द्यायचा, पण जमिनीवर उतरला की दुसऱ्याच दिशेने निघून जायचा, नाहीतर साठ-सत्तर यार्डांवर उभा राहून तासभर आरवत राहायचा. माझी हाक चुकते आहे का? (एक वाचक, मिसुरी)

उत्तर : हाक चुकत असती तर त्याने उत्तर दिले नसते. चूक बहुधा बसण्याच्या जागेची आहे आणि तिच्यापेक्षा थोडी अधिक घाईची.

आपण या पक्ष्याकडे काय मागतो आहोत, ते प्रथम लक्षात घ्यावे. निसर्गक्रमात नर आरवतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे त्याच्या स्वभावाच्या उलट वागायला सांगतो. तो साठ यार्डांवर थांबतो तेव्हा तो भित्रेपणाने थांबलेला नसतो. 'मी येथवर आलो, आता तू ये' असे त्याचे म्हणणे असते. शिवाय जिथून आवाज आला ती जागा त्याला स्पष्ट दिसत असेल आणि तिथे मादी दिसत नसेल, तर पुढे येण्याचे त्याला कारणच उरत नाही. टर्कीला वास फारसा येत नाही, पण तिची नजर विलक्षण आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता तिला भोवतालचा जवळजवळ तीन चतुर्थांश प्रदेश दिसतो आणि रंगही आपल्याहून अधिक कळतात. म्हणून अशा ठिकाणी बसावे की, आवाजाची जागा त्याच्या नजरेच्या टप्प्यात येईल त्या क्षणी तो बंदुकीच्या टप्प्यातही आलेला असेल. टेकडीच्या माथ्यापासून किंचित खाली किंवा लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याच्या वळणाला लागून अशी जागा मिळते. आपल्या आणि त्याच्या मध्ये ओढा, तारेचे कुंपण किंवा दाट काटेरी झुडूप नसावे. त्याला सहज उडून ओलांडता येणारा ओढाही तो प्रेमापोटी ओलांडेलच असे नाही.

आता सकाळचा क्रम पाहू. आदल्या संध्याकाळी, उजेड मावळत असताना, नर कोणत्या झाडावर चढला हे दुरून ऐकून ठेवावे. घुबडाचा किंवा कावळ्याचा मोठा आवाज काढला तर तो पुष्कळदा दचकून आरवतो आणि आपला ठावठिकाणा सांगतो. पहाटे पूर्ण अंधारात, दिवा न लावता, त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर येऊन बसावे. त्याहून जवळ जाण्याचा मोह धरू नये, कारण फांदीवरच्या पक्ष्याने आपल्याला एकदा पाहिले की ती सकाळ संपली. तो झाडावर असताना मादीची झोपाळू, हलकी येल्प, म्हणजे तिची नेहमीची साद, दोन-तीनदा द्यावी आणि गप्प बसावे. इथेच बहुतेक जण चुकतात. नर उत्तर देतो, त्या आवाजाने अंगावर रोमांच उभे राहतात, आणि हात आपोआप हाक काढायच्या पेटीकडे जातो. जितकी जास्त हाक, तितका वेळ तो फांदीवर बसून मादीची वाट पाहतो. जाळीत दडून थोडेच बोलणारी मादी त्याला शोधावीशी वाटते.

लाकडी पेटी, पाटीवर काडी घासून वाजवायचे साधन, किंवा तोंडात धरायचा रबरी पडदा, यांपैकी काहीही वापरा. पेटी नवशिक्याला लवकर साधते, तर तोंडातल्या पडद्याला महिनाभर सराव लागतो, पण दोन्ही हात मोकळे राहतात. स्वर अगदी शुद्ध हवा असे नाही. मी रानात खऱ्या माद्यांचे इतके बेसूर ओरडणे ऐकले आहे की, हाका काढण्याच्या स्पर्धेत त्यांचा पहिल्या फेरीतही टिकाव लागला नसता. लय मात्र सांभाळावी लागते, आणि हाकांमधली शांतता त्याहून अधिक.

तो दुसऱ्या दिशेने निघून गेला, याचे सर्वांत साधे कारण म्हणजे त्याच्यासोबत खऱ्या माद्या होत्या. त्याला इलाज एकच, आणि तो म्हणजे थांबणे. सकाळी नऊ-दहानंतर माद्या एकेक करून अंडी घालायला घरट्याकडे जातात आणि नर एकटा पडतो. पहाटे ज्याने आपल्याकडे ढुंकूनही पाहिले नाही तोच नर तेव्हा झपाझप येतो. हंगामाच्या उत्तरार्धात माद्या खुडूक बसल्या की दिवसभरच तो एकटा असतो, आणि अनेक अनुभवी शिकारी पहिल्या आठवड्यापेक्षा हेच दिवस पसंत करतात.

एक गोष्ट मी स्वतः किंमत मोजून शिकलो. नर आरवता आरवता एकदम गप्प झाला, तर तो गेला असे समजून उठू नये. पहिल्या वर्षी मी वीस मिनिटे वाट पाहून उठलो, आणि माझ्या डाव्या हाताला पंचवीस पावलांवर एक कडक 'पट्' ऐकू आले. तो त्याचा धोक्याचा आवाज होता, आणि मी मान वळवेपर्यंत तो झाडांच्या शेंड्यांवरून दरीत उतरला होता. शांत येणारा नर अगदी जवळ आला की थुंकल्यासारखा बारीक आवाज आणि त्यामागोमाग छातीत घुमणारा एक खोल नाद येतो. तो कानांपेक्षा अंगाला आधी जाणवतो. शेवटच्या आरवण्यानंतर निदान एक तास न हलता बसण्याची तयारी ठेवा; तुमच्या सहापैकी दोन-तीन सकाळी तरी पक्षी तुम्ही उठल्यानंतर तिथे आला असावा, असे मला वाटते.

प्रश्न : छर्‍याच्या बंदुकीने किती अंतरावरून नेम धरावा? आणि शिकारीच्या वेळी लाल कपडे घालू नयेत असे सांगतात, ते पक्षी बिचकतो म्हणून का? (एक वाचक, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. लाल रंग पक्ष्यासाठी नव्हे, दुसऱ्या शिकाऱ्यासाठी टाळायचा आहे. वसंतात नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे होते. रानरंगी कपडे घालून, मादीचा आवाज काढत बसलेल्या माणसाच्या खिशातून लाल रुमालाचे टोक दिसले, तर उतावीळ माणसाच्या डोळ्यांना त्यात टर्कीचे डोके दिसू शकते. म्हणून लाल, पांढरा आणि निळा हे तिन्ही रंग अंगावर कुठेही नसावेत, मोज्यांतसुद्धा नसावेत. या शिकारीतले अपघात बहुतांशी अशाच चुकीच्या ओळखीतून घडतात, आणि गोळी झाडणारा पुष्कळदा जखमी माणसाचाच सोबती असतो.

आपल्या खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ लावून बसावे, म्हणजे मागची बाजू झाकली जाते. आरवणाऱ्या पक्ष्याच्या आवाजावर सरपटत जाऊ नये, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. कोणी माणूस येताना दिसला तर हात हलवू नये, टर्कीचा आवाज तर मुळीच काढू नये. जागीच बसून मोठ्याने, स्वच्छ शब्दांत हाक मारावी. त्यामुळे पक्षी उडून जाईल, तो जाऊ द्यावा. पिसारा हातात धरून त्याच्या आड सरपटत पक्ष्याकडे जाण्याची एक पद्धत अलीकडे पसरली आहे आणि काही राज्यांनी तिच्यावर बंदी घातली आहे. बंदी नसेल तिथेही मी ती कोणाला शिकवणार नाही. मारलेला पक्षी परत नेताना नारिंगी कापडात गुंडाळून न्यावा.

आता अंतराविषयी. साध्या शिशाच्या चार, पाच किंवा सहा नंबरच्या छर्‍यांना ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६ मीटर, ही मर्यादा समजावी. नवी टंगस्टनची काडतुसे त्याहून लांब मारतात, हे खरे आहे. पण जितके अंतर वाढते तितका पक्षी ओळखण्यातला आणि अंदाजातला दोष वाढतो, आणि जखमी होऊन निसटलेली टर्की सापडणे फार कठीण असते. हंगामाआधी आपली बंदूक, आपला चोक (छर्‍यांचा फैलाव आवळणारे नळीचे निमुळते तोंड) आणि आपले काडतूस यांची कागदावर चाचणी घ्यावी, आणि जितक्या अंतरापर्यंत छर्‍यांचा दाट गुच्छ डोके-मानेच्या आकारात बसतो तितकेच अंतर आपले मानावे. नेम डोक्यावर किंवा छातीवर न धरता, मानेची उघडी कातडी जिथे पिसांना मिळते तिथे धरावा. पिसारा फुलवलेल्या नराची मान आखडलेली असते. एक हलकी क्लक, म्हणजे मादीची आखूड एकेरी साद, दिली की तो मान सरळ वर करतो, आणि चाप ओढण्याची वेळ तीच असते.

प्रश्न : एक वर्षाचा कोवळा नर कसा ओळखावा? (एक वाचक, जॉर्जिया)

उत्तर : अशा नराला तिथे 'जेक' म्हणतात. त्याची दाढी आखूड, बोटभर असते, आरवणे अर्धवट तुटते, आणि पिसारा फुलवला की मधली पिसे बाजूच्या पिसांहून वर आलेली दिसतात. पुऱ्या वाढलेल्या नराचा पिसारा एकसारखा गोल असतो. पायामागचा काटाही जेकचा नुसता बोंडासारखा असतो. बहुतेक राज्यांत जेक मारणे कायद्याने चालते, काहींत त्यावर निर्बंध आहेत. पहिल्यांदा रानात आलेल्या मुलाने जेक मारला तर मी त्याचे मनापासून अभिनंदन करीन. दहा वर्षे शिकार केलेल्याने तो पुढच्या वर्षासाठी ठेवावा.

प्रश्न : रानटर्कीचे मांस चिवट असते म्हणतात. पक्षी मिळाल्यावर काय करावे? (एक वाचक, मिसुरी)

उत्तर : सर्वांत आधी परमिटवरील खूण करून पक्ष्याला चिठ्ठी लावावी आणि राज्याच्या नियमानुसार त्याच दिवशी नोंद करावी, काही राज्यांत नोंद होईपर्यंत दाढी किंवा डोके पक्ष्यापासून वेगळे करता येत नाही. एप्रिल-मेच्या सकाळी ऊन लवकर चढते, म्हणून पोटातला भाग शक्य तितक्या लवकर काढून पक्षी थंड करावा आणि घरी नेताना बर्फाच्या पेटीत ठेवावा.

मांस चिवट असते हे पायांच्या बाबतीत खरे आहे. हा पक्षी आयुष्यभर चालतो आणि धावतो. त्याच्या पायात हाडासारख्या कडक शिरा असतात, आणि म्हणून अनेक जण पाय टाकून देतात. माझा या फेकण्याला ठाम विरोध आहे. पाय आणि मांड्या मंद आचेवर, पाणी घालून, झाकण ठेवून तीन-चार तास शिजवल्या की मांस आपोआप सुटते, शिरा उपसून काढता येतात आणि मागे उत्तम रस्सा उरतो. छातीचे मांस याच्या उलट. त्यात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे तंतूंच्या आडवे पातळ काप करून ते मोठ्या आचेवर थोडाच वेळ परतावे आणि आतला गुलाबीपणा गेल्याबरोबर उतरवावे. खाताना छर्रे दाताखाली येऊ नयेत म्हणून मानेजवळचा भाग कापतानाच बोटांनी चाचपून घ्यावा.